‘कांदागाडी’ कोणाची? सुमनताईंच्या सहवासातील एक प्रकरण

अ‍ॅड. सुमन पगारे यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला ‘ताईंचे बौद्धिक संपदेच्या क्षेत्रातील कार्य’ असा विषय दिला आहे. विषय भारदस्त आहे. अडचण एवढीच, की या क्षेत्रात ताईंनी मनापासून लढवलेले प्रकरण मला एकच ठाऊक आहे. ते माझे होते आणि ते कोर्टापर्यंत गेलेच नाही. त्यात आम्ही जिंकलो की हरलो, हेही मला आज धडपणे सांगता येणार नाही. समितीच्या कार्यवाहांना मी तसे कळवले. ते म्हणाले, “जसं झालं तसं लिहा.” म्हणून लिहीत आहे.

ताईंची आणि माझी ओळख नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झाली. मी सटाण्याहून नाशकात आलो होतो. इंदिरानगरमध्ये दोन गाळे भाड्याने घेऊन मी आणि माझा मित्र हेमंत यांनी भागीदारीत संगणकाचा क्लास सुरू केला होता. एका दुपारी पांढरी सुती साडी नेसलेल्या, हातावर काळा कोट टाकलेल्या एक बाई आत आल्या. “मला मराठी टाइप करायला शिकायचंय. माझ्या टायपिस्टला माझं अक्षर लागत नाही आणि पक्षकाराचं नुकसान होतं,” त्या म्हणाल्या.

त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती. वडील रेल्वेच्या कारखान्यात मजूर. ताईंनी दिवसा कारकुनी करून संध्याकाळच्या कॉलेजात वकिली पूर्ण केली होती. कुळांचे दावे, पोटगी, भाडेकरूंची भांडणे हे त्यांचे रोजचे काम. आमच्या वर्गात बाकी सगळी कॉलेजातली मुले होती. मी काही शिकवले की ती माना डोलवत. ताई मात्र हात वर करून म्हणत, “सर, मला समजलं नाही. परत सांगा.” मी चोवीस वर्षांचा, आणि त्या मला सर म्हणत. पहिल्या आठवड्यात मुले हसली. दुसऱ्या आठवड्यात तीही हात वर करू लागली, तेव्हा मला कळले की माना डोलवणाऱ्यांपैकी कोणालाच काही समजलेले नव्हते.

आमच्या क्लासमध्ये डेटा एंट्रीचे काम करायला सुरगाण्याकडच्या यमुना गावित होत्या. त्या आमच्याहून लहान, म्हणून आम्ही त्यांना एकेरी हाक मारत असू. त्यांची एक आलेखाची वही असे. जेवणाच्या सुट्टीत त्या वहीतले चौकोन रंगवत बसत. एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. आमची यंत्रे पाहून त्यांचे त्यांनीच ते हेरले होते.

त्याच सुमारास हेमंतच्या डोक्यात गेम बनवायची कल्पना आली. सटाण्याकडून कांद्याने भरलेला ट्रॅक्टर निघतो. वाटेत खड्डे, शेळ्या, बंद असलेले रेल्वेचे फाटक. हे सगळे चुकवून, गोणी न सांडता, लिलाव संपायच्या आत लासलगावच्या बाजारात पोहोचायचे. नाव ठेवले ‘कांदागाडी’. प्रोग्राम मी आणि हेमंतने लिहिला. चित्रे यमुनाबाईंनी काढली. त्यातली एक शेळी रस्ता ओलांडता ओलांडता मान वळवून ट्रॅक्टरकडे बघते. बघणारा हसल्याशिवाय राहत नसे.

मुंबईच्या एका कंपनीने त्याची सीडी काढायचे कबूल केले. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण ती आता त्या नावाने उरलेलीही नाही. त्यांनी आमच्या सहीसाठी एका पानाचे पत्र तयार करून पाठवले. ‘सदर गेमचे सर्व हक्क आपणांस देत आहोत’ असे त्यात एक वाक्य होते. आम्ही दोघांनी सही केली आणि पेढे वाटले. आपली गेम दुकानात दिसणार, यापलीकडे आम्हाला काही दिसत नव्हते. पुढे यमुनाबाईंना त्यांच्या गावाजवळच्या आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आणि त्या निघून गेल्या.

काही वर्षे गेली. आखाती देशात नोकरीला असलेला माझा मावसभाऊ सुट्टीवर आला आणि त्याने आपल्या मोबाइलवर एक गेम दाखवली. ट्रॅक्टरचा ट्रक झाला होता, कांद्याच्या गोणींची खोकी झाली होती, नाव कुठले तरी इंग्रजी होते. मी म्हटले, असतात अशा गेम. तेवढ्यात एक शेळी रस्त्यात आली आणि मान वळवून ट्रककडे बघू लागली.

नाशकात असल्या कामाचा वकील कोण, हे आम्हाला माहीत नव्हते. माहितीतल्या वकील एकच होत्या. मी आणि हेमंत सीबीएस बसस्थानकाजवळच्या ताईंच्या ऑफिसात जाऊन धडकलो. ताईंनी सगळे ऐकून घेतले, मावसभावाचा फोन हातात घेऊन दोनदा ट्रक खड्ड्यात घातला आणि म्हणाल्या, “मला यातलं काहीही येत नाही. आठ दिवस द्या. नाही समजलं तर मुंबईच्या वकिलाचा पत्ता देईन.”

आठ दिवसांनी त्यांच्या टेबलावर कॉपीराइटच्या कायद्याचे पुस्तक होते आणि त्यातून कागदाच्या पट्ट्या बाहेर आल्या होत्या. त्या आनंदात होत्या. “तुमच्या पत्रात मुदत लिहिलेली नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशापुरते हक्क, तेही लिहिलेलं नाही. मग ते भारतापुरतेच धरायचे. म्हणजे परदेशात विकायचा हक्क तुम्ही त्यांना दिलेलाच नाही.”

हेमंतने टेबलावर हात आपटला. “मग नोटीस काढा, ताई!”

“काढते. पण आधी मला गेम उलगडून सांगा. प्रोग्राम कोणी लिहिला?”

“आम्ही दोघांनी.”

“लिलाव पुकारणारा आवाज कोणाचा?”

“लासलगावच्या एका पुकारणाऱ्यांचा. आम्ही टेप घेऊन गेलो होतो.”

“त्यांना विचारलं होतं?”

“त्यांनी आम्हाला चहा पाजला,” मी म्हणालो.

“तो त्यांचा चांगुलपणा झाला. चित्रं कोणाची?”

“आमचीच,” हेमंत म्हणाला. “म्हणजे यमुनाने काढलेली. पण ती आमच्याकडे पगारावर होती.”

“पगार कशाचा देत होता?”

“डेटा एंट्रीचा.”

“आणि चित्रं कधी काढायच्या त्या?”

मग मीच सांगितले, की जेवणाच्या सुट्टीत आणि घरी. ताईंनी पेन खाली ठेवले. नोकरीचे काम म्हणून केलेले असेल तर त्यावर हक्क मालकाचा, स्वतःचे म्हणून केलेले असेल तर करणाऱ्याचा, असे त्यांनी समजावून सांगितले. “हे कशात बसतं ते मला नक्की सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण चित्रं त्यांची असतील, तर जे तुमचं नव्हतं ते तुम्ही कंपनीला देऊन टाकलंय. नोटीस पाठवण्याआधी त्यांना भेटायला हवं.”

लासलगावचे काम सोपे निघाले. ते गृहस्थ निवृत्त होऊन घरी बसले होते. ताईंनी स्वतः जाऊन विचारले तेव्हा ते मनापासून हसले. “आवाज काय हो बाई, रोज हवेतच जायचा. घ्या की. आमची नातवंडं तरी आयकतील.” ताईंनी ते साध्या मराठीत लिहिले, त्यांना दोनदा वाचून दाखवले आणि मगच सही घेतली.

सुरगाण्याला मी आणि ताई एस.टी.ने गेलो. हेमंत आला नाही. शाळेच्या व्हरांड्यात यमुनाबाई भेटल्या. मी सवयीने “काय यमुना, कशी आहेस?” म्हणालो. ताईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, “यमुनाबाई, मी सुमन पगारे. वकील आहे. तुमचा थोडा वेळ हवाय.” माझी मलाच लाज वाटली. त्या दिवसापासून मीही त्यांना यमुनाबाई म्हणू लागलो.

त्या आम्हाला वर्गात घेऊन गेल्या. भिंतीवर हाताने केलेले तक्ते होते. एका तक्त्यावर आमचा ट्रॅक्टर आणि त्यावर एक ते दहा गोणी. दुसऱ्यावर शेळ्यांची वजाबाकी. सगळ्या शेळ्या मान वळवून बघत होत्या. ताई मुलांच्या बाकावर अंग चोरून बसल्या आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. पत्र, फोनवरची गेम, परदेश, काहीही लपवले नाही. शेवटी विचारले, “तुम्हाला काय हवंय?”

“मला माहीत नाय,” यमुनाबाई म्हणाल्या. मग तक्त्यांकडे बघून घाबरल्यासारख्या झाल्या. “पण सगळे हक्क कंपनीला दिले, असं लिवलंय ना? मंग मी ही चित्रं इथं लावली, ते चोरीचं हाय का?”

आमच्या सहीच्या कागदाप्रमाणे तसाच अर्थ निघत होता. ताई म्हणाल्या, “नाही. आणि तसं कोणी म्हणू नये, यासाठीच मी आले आहे.”

मग यमुनाबाईंनी माझ्याकडे बघून शांतपणे विचारले, “सर, गेम सुरू होताना नावं येतात, त्यात माझं नाव हाय का?”

नव्हते. दोनच नावे होती. सीडी आली त्या दिवशी क्लासमध्ये आम्ही सगळ्यांना ती दाखवली होती. यमुनाबाई तेव्हा मागे उभ्या होत्या आणि त्यांनी ती दोन नावे वाचली होती, हे मला त्या वर्गात बसल्यावर उमगले. निघताना त्या ताईंना म्हणाल्या, “चित्रं वापरा म्हणावं सरांना. पण इकून नका टाकू. मला लागतात ती.” ताईंनी तेवढेच शब्द कागदावर उतरवून घेतले.

परत आल्यावर ताईंनी नोटिशीचा मसुदा केला. पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते, की या गेममधील चित्रे यमुना गावित यांची असून ती देण्याचा अधिकार आम्हाला कधीच नव्हता. हेमंत वाचून उभाच राहिला.

“ताई, तुम्ही आमच्या वकील आहात की त्यांच्या? हे लिहिलं तर कंपनी आपल्यालाच धरेल.”

“धरू शकते,” ताई म्हणाल्या. “तुम्ही नको म्हणालात तर यातलं एक अक्षर बाहेर जाणार नाही. पण चित्रं तुमची आहेत, असं मी लिहिणार नाही. तसं हवं असेल तर दुसरा वकील बघा. मी रागावणार नाही.”

हेमंतने पुण्याचा वकील केला आणि आपली वेगळी नोटीस पाठवली. कंपनीने त्याला फोन करून सांगितले, की चित्रे पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढली, असे दोन्ही भागीदारांनी लिहून दिले तर झाले गेले विसरू आणि तुमच्या पुढच्या तीन गेम आम्हीच काढू. तीन गेम! नाशकात गेम बनवणारी पहिली कंपनी आपली, हे आमचे स्वप्न होते. हेमंत कागद घेऊन माझ्या घरी आला. “नितीन, खोटं कुठे आहे यात? ती पगारावर होतीच ना?” त्याचे म्हणणे पूर्ण चूक नव्हते. ताईंनासुद्धा ते नक्की ठरवता आले नव्हते.

मी तो कागद घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी ‘सही करा’ म्हणावे, असे मला मनातून वाटत होते. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. “सही तुमची आहे, माझी नाही.” मी चार दिवस तो कागद घरात इकडून तिकडे ठेवत होतो. सही केली नाही. ते मला पटले म्हणून, की ताईंना तोंड कसे दाखवणार म्हणून, की तक्त्यांकडे बघताना यमुनाबाईंचा झालेला चेहरा आठवला म्हणून, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही. मी ताईंच्या मसुद्यावर सही केली. हेमंत आणि मी त्यानंतर कित्येक वर्षे बोललो नाही.

एकाच गेमच्या दोन भागीदारांच्या दोन वेगळ्या नोटिसा गेल्यामुळे कंपनीही चक्रावली. त्यांचा एक तरुण अधिकारी फाइल घेऊन नाशिकला आला. ताईंच्या ऑफिसात बसून त्याने ठणकावून सांगितले, “गेमचे सगळे हक्क आमच्याकडे आहेत.”

ताईंनी कोरा कागद पुढे ओढला. “सगळे म्हणजे कोणते? एकेक सांगा. मी लिहून घेते.”

त्याने प्रोग्राम सांगितला, चित्रे सांगितली, आवाज सांगितला. ताईंनी प्रत्येकापुढे ‘कोणत्या कागदाने?’ असे लिहिले. तो फाइल चाळू लागला. ज्या कंपनीला आम्ही पत्र दिले होते, ती मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. मूळ पत्र सापडत नव्हते, झेरॉक्स होती. फोनची गेम तिसऱ्याच एका परदेशी कंपनीने बनवली होती आणि त्यांना कोणी परवानगी दिली, याची नोंद नव्हती. ‘कांदागाडी’ हे नाव कोणाचे, हे तर कुठल्याच कागदात नव्हते. अर्ध्या तासाने त्याने फाइल मिटली. “मॅडम, खरं सांगू का? आम्हालाही नक्की माहीत नाही.”

“मग आपण सगळे सारखेच,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

दोन-तीन महिन्यांनी फोनवरची गेम बंद झाली. यमुनाबाईंना कंपनीचे पत्र गेले, की चित्रे त्यांचीच आहेत. आम्हालाही पत्र आले. ‘सदर गेमबाबत आमच्याकडे जे काही हक्क असतील ते आपणांस परत करीत आहोत.’ जे काही असतील ते! म्हणजे नेमके काय परत आले, हे मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, “मी पत्र चार वेळा वाचलं. मलाही समजलेलं नाही.” प्रोग्राम निम्मा हेमंतचा होता, त्याच्या संमतीशिवाय मला गेम पुन्हा काढता येत नव्हती. ‘कांदागाडी’ तेव्हापासून बंद आहे. तीन गेम गेल्या, मित्र गेला, कंपनीचे स्वप्न गेले. आश्रमशाळेतले तक्ते तेवढे भिंतीवर राहिले.

त्या दिवसांत मी फार खचलो होतो. ताईंनी मला त्याबद्दल काही विचारले नाही. एका शनिवारी निरोप पाठवून कोर्टात बोलावले आणि तिथल्या टायपिस्टांसमोर उभे केले. “हे आमचे सर. यांच्याकडून मराठी टायपिंग शिकायचं.” त्यानंतर वर्षभर मी दर शनिवारी जात होतो. त्या स्वतः मागच्या बाकावर येऊन बसत. त्यांना तेव्हा सगळे येत होते. त्या का बसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

त्याच वर्षी त्यांनी ‘सही करण्याआधी’ नावाची आठ पानांची टिपणी तयार केली. काय देता, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, ते करायला आणखी कोणाचे हात लागले आहेत, असे साधे प्रश्न त्यात होते. सॉफ्टवेअर करणारी मुले, मंडपाचे नक्षीकाम करणारे, दिंडोरीकडचे वाइनच्या बाटल्यांची लेबले काढणारे, सगळे त्याच्या झेरॉक्स नेत. पुढे एका क्लासवाल्याने ती टिपणी स्वतःच्या नावाने छापली. मी चिडून ती ताईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चाळून पाहिली आणि म्हणाल्या, “छपाई चांगली केलीय. लोक वाचतील.”

मी अक्षरशः भांडलो. “ताई, यमुनाबाईंच्या चित्रांसाठी तुम्ही आमचं सगळं पणाला लावलंत. आणि स्वतःचं असं सोडून देता?”

“माझं होतं, म्हणून मी सोडलं,” त्या म्हणाल्या. “त्यांचं मी कसं सोडणार?”

हे वाक्य मी अनेकदा मनात घोळवले आहे. कधी त्यात सगळे उत्तर आहे, असे वाटते. कधी वाटते, की मग आमचे तरी त्यांनी कोणत्या अधिकाराने पणाला लावले? पण लगेच आठवते, की त्यांनी ते लावले नव्हते. सही माझी होती.

या ग्रंथाची बातमी कळली तेव्हा हेमंतचा बऱ्याच वर्षांनी फोन आला. तो म्हणाला, “शुभेच्छुकांत माझं नाव घाल. पण मला त्यांचं अजूनही पटलेलं नाही, हेही लिही.” मी ताईंना हे सांगितले तेव्हा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. म्हणून त्याचे म्हणणे इथे जसेच्या तसे नोंदवत आहे.

वाचकांना या ग्रंथाच्या पहिल्या पानावर ताईंचा फोटो दिसणार नाही. समितीने निवडलेला फोटो त्यांच्या तरुणपणीचा, काळा कोट पहिल्यांदा घातल्याच्या दिवशीचा होता. ताईंनी विचारले, “हा काढणाऱ्यांची परवानगी घेतली का?” ते छायाचित्रकार वारले आहेत आणि त्यांचा स्टुडिओ बंद झाला आहे. त्यांच्या मुलीला आम्ही पत्र पाठवले. ग्रंथ छापायला जाईपर्यंत उत्तर आले नाही. समितीतले काही जण नाराज आहेत. हा हट्ट आहे की तत्त्व, यावर आमच्या दोन बैठका झाल्या आणि निर्णय झाला नाही. पान कोरे ठेवले आहे.

सुमनताई, तुमचे गुडघे दुखतात आणि कोर्टाच्या पायऱ्या काही कमी होणार नाहीत. यापुढे निम्मी कामे आम्हाला सांगत जा. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. छायाचित्रकारांच्या मुलीचे उत्तर उद्या येवो की दहा वर्षांनी, दुसऱ्या आवृत्तीत तो फोटो लावताना तुम्ही आमच्या शेजारी बसून तो सरळ लागला आहे की नाही, हे बघायला असावे, एवढीच इच्छा आहे.